कराची–जुहू हवाई टपाल मार्ग : अंतर व उड्डाणकाळ

कराची–जुहू हवाई टपाल मार्ग हा कराचीतील द्रिघ रोड विमानतळ आणि मुंबईतील जुहू विमानतळ यांना अहमदाबादमार्गे जोडणारा, १९३२ साली सुरू झालेला हवाई मार्ग होय. टाटा सन्सच्या हवाई वाहतूक विभागाने चालविलेल्या कराची–मद्रास टपालसेवेचा हा पहिला टप्पा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाचे छोटे विमान स्वतः चालवीत या मार्गावरचे पहिले टपाल जुहूला आणले. भारतातील नियमित देशी विमानसेवेचा आरंभ या उड्डाणापासून मानला जातो.

कराची व जुहू यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ८६९ किलोमीटर आहे. अहमदाबादमार्गे ते सुमारे १,०३३ किलोमीटर भरते. पहिल्या उड्डाणाला मध्यंतरीच्या मुक्कामासह सव्वासात तासांच्या आसपास वेळ लागला. अंतर, वेग आणि वेळ यांचे शाळेत शिकविले जाणारे साधे गणित प्रत्यक्ष प्रवासाला लावताना कोठे जुळते आणि कोठे फसते, हे पाहण्यासाठी या मार्गाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

पार्श्वभूमी

आज कराची म्हटले की परदेश डोळ्यांपुढे येतो. १९३२ साली मात्र कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही तिन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात मोडत. सिंध हा स्वतंत्र प्रांत झाला तो १ एप्रिल १९३६ रोजी. तोपर्यंत सिंधचा कारभार मुंबईहूनच चाले, आणि त्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे कराचीत स्थायिक झाली होती. कराचीतील १८५५ साली स्थापन झालेली सरकारी शाळा आजही शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते. तेव्हा ज्या मार्गाची आज आंतरराष्ट्रीय म्हणून गणना होईल, तो त्या काळी एका प्रांतातील दोन लहान विमानतळांमधला प्रादेशिक मार्ग होता.

लहान हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. जुहूचे विमानतळ १९२८ साली सुरू झाले. विलेपार्ल्याच्या पश्चिमेस, समुद्रकाठच्या सखल जमिनीवर ते होते. भरतीचे पाणी व पावसाचे पाणी दोन्ही तेथे मुक्काम करी. द्रिघ रोडचा थाट थोडा निराळा होता. ब्रिटिशांच्या प्रचंड हवाई जहाजांना निवारा मिळावा म्हणून तेथे एक अवाढव्य शेड उभारण्यात आली होती. ज्या आर-१०१ नावाच्या हवाई जहाजाने कराचीला यावयाचे होते ते ऑक्टोबर १९३० मध्ये फ्रान्समध्ये कोसळले, आणि शेड रिकामीच राहिली. तिच्या सावलीतून दोन वर्षांनी जे विमान निघाले ते तिच्या एका कोपऱ्यात सहज मावले असते.

लंडन ते कराची अशी साप्ताहिक हवाई टपालसेवा इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी सुरू केली होती. या प्रवासास सुमारे सात दिवस लागत. त्यातला युरोपातील काही भाग तर आगगाडीने पार करावा लागे. एवढ्या धावपळीने कराचीस पोहोचलेले टपाल पुढे मुंबई व मद्रासकडे जावयाचे ते रेल्वेने किंवा आगबोटीने. कराचीहून मुंबईला येणारा लोहमार्ग सिंधमधील हैदराबाद, मारवाड व अहमदाबाद असा मोठा वळसा घेई. वाटेत रुळांची रुंदीही बदले, म्हणजे टपालाच्या थैल्या एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवाव्या लागत. सात हजारांहून अधिक किलोमीटर आकाशातून वाचविलेला वेळ शेवटच्या हजार किलोमीटरांत जमिनीवर खर्ची पडत होता.

ही उणीव नेव्हिल व्हिन्सेंट या माजी वैमानिकाच्या ध्यानात आली. ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेल्या व्हिन्सेंट यांनी १९२९ साली कराची–मुंबई–मद्रास सेवेची योजना जे. आर. डी. टाटा यांच्यापुढे मांडली. त्याच वर्षी फेब्रुवारीत टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. योजनेला सर दोराबजी टाटा यांची संमती मिळाली, तरी सरकारी मान्यतेसाठी आणखी तीन वर्षे जावी लागली. १९३२ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांचा करार झाला. सरकारने अनुदान देण्याचे नाकारले आणि वाहून आणलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला ठरला. सर दोराबजींचे त्याच वर्षी जूनमध्ये निधन झाले. पहिले उड्डाण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मार्ग व त्याची आखणी

नकाशावर कराची व जुहू यांना जोडणारी सरळ रेषा काढली तर ती कच्छच्या आखातावरून सौराष्ट्रात शिरते, दीवच्या आसपास किनारा सोडते आणि नंतर सुमारे अडीचशे किलोमीटर उघड्या समुद्रावरून मुंबईकडे येते. ही वाट जवळची खरी. परंतु एका इंजिनाच्या, बिनतारी यंत्र नसलेल्या विमानासाठी ती धोक्याची होती. इंजिन बंद पडल्यास जमिनीवर एखादे शेत तरी सापडते, समुद्रावर काहीच सापडत नाही. शिवाय सलग ८६९ किलोमीटर जाण्याइतके पेट्रोल विमानाच्या टाकीत मावणे कठीण होते.

म्हणून मार्ग अहमदाबादवरून नेला गेला. पहिला टप्पा सिंधू नदीच्या त्रिभुज प्रदेशावरून आणि कच्छच्या मोठ्या रणावरून पूर्वेकडे जाई. दुसरा टप्पा अहमदाबादहून जवळजवळ सरळ दक्षिणेकडे, खंबायतचे आखात, सुरत, दमण असा किनारा धरून येई. या दुसऱ्या टप्प्यात बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्गही किनाऱ्यालगतच जातो. होकायंत्र आणि नकाशा एवढ्याच साधनांवर उडणाऱ्या वैमानिकाला एका बाजूस समुद्राची कड आणि दुसऱ्या बाजूस लोहमार्ग याहून चांगला वाटाड्या मिळणे शक्य नव्हते.

या सुरक्षिततेची किंमत सुमारे १६४ किलोमीटर होती. ताशी १६० किलोमीटर वेगाने चालणाऱ्या विमानाच्या हिशेबात ती जवळजवळ अचूक एक तास भरते.

अंतराचे गणित

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. ते ज्या वर्तुळाच्या कंसावर मोजतात त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो. अशा वर्तुळाला बृहद्‌वृत्त म्हणतात. अचूक उत्तरासाठी त्रिकोणमिती लागते. परंतु या मार्गाचे दोन्ही टप्पे असे आहेत की आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही त्यांची अंतरे कागदावर काढता यावीत. पुढील आकडे आजच्या विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेले आहेत; १९३२ साली उतरण्याचे मैदान मैल-दोन मैल इकडेतिकडे असले तरी एवढ्या अंतरात तो फरक नगण्य ठरतो.

अहमदाबाद व जुहू ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. अहमदाबादचा अक्षांश सुमारे २३ अंश ४ मिनिटे, जुहूचा सुमारे १९ अंश ६ मिनिटे. वजाबाकी करता ३ अंश ५८ मिनिटे, म्हणजे २३८ मिनिटे उरतात. अक्षांशाच्या एका मिनिटाचे अंतर म्हणजेच एक सागरी मैल; आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. २३८ ला १.८५२ ने गुणले की ४४१ किलोमीटर येतात. रेखांशातील किरकोळ फरक जमेस धरला तरी उत्तर जवळपास तेवढेच राहते. मुंबई सेंट्रल ते अहमदाबाद हे रेल्वेचे अंतर सुमारे ४९० किलोमीटर आहे. जुहू हे मुंबई सेंट्रलच्या बरेच उत्तरेस आहे, ही गोष्ट लक्षात घेता या टप्प्यात विमानाने रेल्वेपेक्षा फारसे अंतर वाचविले असे म्हणता येत नाही.

कराची–अहमदाबाद टप्प्यात मात्र रेखांशाचा फरक मोठा आहे, सुमारे साडेपाच अंश. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटरांचा असतो, रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा आखडत जातो. २४ अंश उत्तर अक्षांशावर तो सुमारे १०२ किलोमीटर उरतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ५५६ किलोमीटर व उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २०३ किलोमीटर येते. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की ५९२ किलोमीटर हे उत्तर मिळते. पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा हा त्रिकोण कसा चालतो, अशी शंका येणे रास्त आहे. काहीशे किलोमीटरांपर्यंत पृथ्वीच्या वक्रतेने पडणारा फरक फार थोडा असतो, म्हणून चालतो. मुंबई–लंडन अंतर असे काढू गेल्यास उत्तर चुकेल.

दोन्ही टप्प्यांची बेरीज १,०३३ किलोमीटर, जुन्या हिशेबाने ६४० मैलांच्या आसपास. पुढे जुहू ते बेल्लारी सुमारे ६१३ आणि बेल्लारी ते मद्रास सुमारे ४२९ किलोमीटर. संपूर्ण कराची–मद्रास मार्ग दोन हजार किलोमीटरांहून थोडा अधिक होता.

पहिले उड्डाण

शनिवार, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास टाटांचे विमान द्रिघ रोडवरून उडाले. विमान डी हॅविलँड कंपनीचे ‘पस मॉथ’ जातीचे होते. बंद कक्ष, एक इंजिन, वर एकच पंखजोडी, आणि ताशी शंभर मैलांच्या म्हणजे सुमारे १६० किलोमीटरांच्या आसपास वेग. सोबत सुमारे २५ किलो टपाल होते. बिनतारी संदेशयंत्र नव्हते, वाटेत हवामानाची माहिती देणारे कोणी नव्हते.

अहमदाबादला विमान उतरले तेव्हा तेथे पेट्रोल आले ते बैलगाडीतून. बर्मा शेल कंपनीने चार-चार गॅलनांचे डबे गाडीत रचून मैदानापर्यंत पाठविले होते. देशातील सर्वांत वेगवान वाहन सर्वांत संथ वाहनाची वाट पाहत उभे आहे, हे चित्र त्या काळाची सारी हकिगत सांगून जाते. बैलगाडीत गमतीखेरीज काही नाही असे मात्र नव्हे. त्या मैदानापर्यंत जड डबे बिनबोभाट पोहोचविणारे दुसरे खात्रीचे साधन तेव्हा नव्हते, आणि ती गाडी वेळेवर आली नसती तर विमानाच्या वेगाला काडीचाही अर्थ उरला नसता.

दुपारी दोन वाजण्याच्या थोडे आधी विमान जुहूला उतरले. मुंबईचे टपाल उतरविण्यात आले. मद्रासचे टपाल तेथे दुसरे पस मॉथ घेऊन थांबलेल्या व्हिन्सेंट यांच्या विमानात चढले. ते त्याच दिवशी बेल्लारीपर्यंत गेले, रात्री तेथे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले. रात्रीचे उड्डाण करण्याची सोय ना विमानात होती ना जमिनीवर. सूर्यास्त हीच वेळापत्रकाची कड होती.

उड्डाणकाळ

१,०३३ किलोमीटर अंतर ताशी १६० किलोमीटर वेगाने कापण्यास सुमारे साडेसहा तास लागतात. प्रत्यक्षात लागले सव्वासात. उरलेला पाऊण तास अहमदाबादचा मुक्काम, पेट्रोल भरणे, उतरताना व चढताना गमावलेला वेग आणि वारा या सर्वांत विभागला गेला. मुक्कामासहित एवढाच जादा वेळ लागणे ही त्या परिस्थितीत मोठीच कामगिरी होती.

उड्डाणकाळ हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याचे दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक आहे. चाके जमीन सोडतात तेव्हापासून ती पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतचा काळ हा हवेतील काळ. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामाच्या ठिकाणी उभे राहीपर्यंतचा काळ हा वेळापत्रकातील काळ. प्रवाशाच्या तिकिटावर छापलेला असतो तो हा दुसरा. विमान जेवढे वेगवान आणि अंतर जेवढे कमी, तेवढी या दोहोंतील तफावत डोळ्यांत भरते.

कोकणातील एक उदाहरण पाहता येईल. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि मुंबईहून तेथे सत्तर आसनांच्या एटीआर-७२ विमानाची सेवा सुरू झाली. मुंबई–चिपी हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाने ते ४२ मिनिटांत कापले जावे. वेळापत्रकात मात्र १ तास २५ मिनिटे धरलेली होती. मुंबईच्या गजबजलेल्या विमानतळावर धावपट्टीपर्यंतची रांग, ठरावीक दिशेनेच वर चढण्याचे बंधन, पूर्ण वेग गाठण्यास लागणारा अवधी आणि उतरण्यापूर्वीचा वळसा हे सारे त्यात येते. १९३२ साली टाटांना जुहूवर रांग नव्हती. सुमारे सात तासांच्या प्रवासात निव्वळ उडण्याचा वाटा चिपीच्या दीड तासापेक्षा प्रमाणाने कितीतरी मोठा होता.

वाऱ्याचा परिणामही वेगावर अवलंबून असतो. समोरून ताशी ३० किलोमीटरांचा वारा आला तर ताशी १६० किलोमीटरांचे विमान जमिनीच्या संदर्भात १३० नेच पुढे सरकते, आणि कराची–जुहू प्रवास सुमारे दीड तासाने लांबतो. तोच वारा मुंबई–चिपी विमानाला तीन मिनिटेसुद्धा उशीर करीत नाही. जुन्या वैमानिकांच्या आठवणींत वाऱ्याला एवढे स्थान का असते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

घड्याळांचा घोळ

सुटण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून वजा केली की प्रवासाचा काळ मिळतो, हे तेव्हाच खरे, जेव्हा दोन्ही घड्याळे एकाच वेळेची असतात. भारतीय प्रमाणवेळ १९०६ सालापासून अमलात आली होती आणि कराचीतही तीच चाले. मुंबई शहराने मात्र आपली स्थानिक ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत पूर्णपणे सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. एकाच शहरात रेल्वेचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि इतरत्रची काही घड्याळे दुसरी. १९३२ च्या काळातील मुंबईच्या कोणत्याही नोंदीवरून प्रवासाचा काळ काढताना ती नोंद कोणत्या वेळेची, हे आधी पाहावे लागते. न पाहिल्यास उत्तरात ३९ मिनिटांची चूक शिरते.

याखेरीज सूर्याची वेळ निराळीच. कराची जुहूच्या सुमारे पावणेसहा अंश पश्चिमेस असल्याने तेथे सूर्य सुमारे २३ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. पूर्वेकडे उडणाऱ्या वैमानिकाला तेवढा दिवस कमी मिळतो. पहाटे लवकर निघण्याचे एक कारण हेही होते.

पावसाळा

या मार्गाची खरी परीक्षा अंतराने घेतली नाही, जुहूच्या चिखलाने घेतली. पावसाळ्यात विमानतळ पाण्याखाली जाई आणि तेथे उतरणे अशक्य होई. म्हणून त्या महिन्यांत मुक्काम पुण्याला हलविण्यात येई. तेथे येरवड्याच्या तुरुंगाजवळचे मैदान वापरले जात असे.

अहमदाबाद–पुणे हवाई अंतर सुमारे ५१५ किलोमीटर, म्हणजे जुहूपेक्षा सुमारे ७५ किलोमीटर अधिक. पस मॉथच्या वेगाने ती केवळ अर्ध्या तासाची वाढ. परंतु मार्ग आता ढगांनी भरलेल्या सह्याद्रीवरून जाई, आणि पुण्यात उतरलेल्या मुंबईच्या टपालाला पुन्हा घाट उतरून १९२ किलोमीटरांचा रेल्वेप्रवास शिल्लक राही. उड्डाणकाळ अर्ध्या तासाने वाढला तरी पत्र हाती पडण्याचा काळ कित्येक तासांनी वाढे.

एवढे असूनही सेवा नियमितपणे चालली. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात विमानांनी सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी व जवळपास पावणेअकरा टन टपाल वाहिले. वेळ पाळण्याबाबत सरकारी नागरी विमान वाहतूक खात्यानेही या सेवेची वाखाणणी केली. प्रवाशांचा आकडा आज हास्यास्पद वाटेल. वर्षभरातले ते सारे प्रवासी आज एका मध्यम विमानात बसतील. टपालाच्या थैल्यांबरोबर जागा उरलीच तर माणूस, असा तो जमाना होता.

जुहू ते शहर : माहीमची वाट

जुहूच्या मैदानावर टपाल उतरले म्हणजे ते मुंबईत पोहोचले असे नव्हे. १९३२ साली मुंबई शहराची उत्तरेकडील हद्द माहीम व शीव येथे संपत असे. माहीमच्या खाडीपलीकडचे वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले, जुहू ही साष्टी बेटावरील उपनगरे. बोरीबंदरजवळचे मुख्य टपाल कार्यालय जुहूहून सरळ रेषेत सुमारे साडेसतरा किलोमीटर दक्षिणेस आहे. पस मॉथने ते अंतर साडेसहा मिनिटांत कापले असते. जमिनीवरून येणाऱ्याला वांद्र्याहून माहीमची खाडी ओलांडून, माहीम, दादर, परळ अशी बेटाची सारी लांबी पार करावी लागे.

खाडी ओलांडणे ही गोष्ट एके काळी साधी नव्हती. माहीम हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक, आणि त्याच्या उत्तर टोकाला खाडीच्या मुखाशी उभा असलेला किल्ला हे वाटेचे महत्त्व सांगणारा जुना साक्षीदार. माहीम आणि वांद्रे एकमेकांना दिसत, पण मधे होडीखेरीज साधन नव्हते. पावसाळ्यात होड्या उलटून माणसे बुडत. सरकारने बांधकामाचा खर्च उचलण्याचे टाळल्यावर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी जमशेटजी यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले. वाट वापरणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये अशी त्यांची अट होती. १८४५ साली हा बांध-रस्ता खुला झाला. माहीमचा मुख्य रस्ता आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ‘एल. जे. रोड’ या आद्याक्षरांमागे कोण आहे, हे त्यावरून रोज जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

जुहूच्या विमानतळाला शहराशी जोडणारी सोयीची सडक ती हीच. एका बाईने होडीतल्या माणसांसाठी बांधविलेल्या वाटेवरून सत्त्याऐंशी वर्षांनी विमानातून उतरलेला माणूस शहरात येऊ लागला. कराचीहून हजार किलोमीटर उडत आलेल्याला शेवटचे वीसेक किलोमीटर या एका चिंचोळ्या बांधाच्या भरवशावर पार करावयाचे असत. दारापासून दारापर्यंतच्या प्रवासाचा हिशेब मांडताना विमानाचा वेग दुप्पट झाला काय किंवा तिप्पट झाला काय, हा तुकडा तेवढाच राहतो. २००९ साली वांद्रे–वरळी सागरी सेतू खुला होईपर्यंत पश्चिम उपनगरांतून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाहनांची मुख्य भिस्त माहीमच्या या रस्त्यावरच होती.

पुढील काळ

१९३८ साली ही सेवा ‘टाटा एअरलाइन्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २९ जुलै १९४६ रोजी तिचे ‘एअर इंडिया’ या सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले आणि १९५३ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. ज्यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली ते नेव्हिल व्हिन्सेंट तोवर हयात नव्हते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, इंग्लंडहून परतताना त्यांचे विमान बेपत्ता झाले.

महायुद्धानंतर मोठी विमाने सांताक्रूझला उतरू लागली आणि जुहूचे महत्त्व ओसरले. चहूबाजूंनी वस्ती वाढल्याने तेथील धावपट्टी लांबविणे शक्यच नव्हते. आज ते प्रामुख्याने हेलिकॉप्टरांसाठी वापरले जाते.

पहिल्या उड्डाणाच्या तिसाव्या व पन्नासाव्या वर्षी, १९६२ आणि १९८२ साली, जे. आर. डी. टाटा यांनी कराची–अहमदाबाद–मुंबई हा प्रवास ‘लेपर्ड मॉथ’ या पस मॉथच्याच कुळातील जुन्या विमानाने पुन्हा केला. १९८२ साली त्यांचे वय ७८ वर्षांचे होते.

१९४७ नंतर कराची व मुंबई यांच्यामधून देशाची सीमा गेली. त्यानंतरही अनेक वर्षे, मधल्या युद्धांचे खंड वगळता, दोन्ही शहरांत थेट विमाने होती, आणि जेट विमानाला या अंतरासाठी दीड ते पावणेदोन तास पुरत. आता अशी थेट सेवा नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपली हवाई हद्दच बंद केली. अशा वेळी मुंबईहून कराचीस जाऊ पाहणाऱ्याला दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणाहून जावे लागते. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–कराची सुमारे १,१९० असे हे ३,१२० किलोमीटर होतात, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पटींहून अधिक. दुबईतील थांबा धरता हा प्रवास १९३२ च्या पस मॉथच्या सव्वासात तासांत पुरा होईलच, अशी खात्री देता येत नाही.